बँक बुडते तेव्हा सही कोणाची असते?

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेची एक विशेष सर्वसाधारण सभा माझ्या मनातून जात नाही. ज्या सहकारी बँकेत संस्थेचा दुरुस्ती निधी मुदत ठेवीत होता, तिच्यावर त्याच आठवड्यात निर्बंध आले होते. पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा गिलावा करून घेण्यासाठी जमवलेले पैसे आता कधी हातात येतील, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली आणि पहिलाच प्रश्न आमच्या खजिनदारांना विचारला गेला, की अर्धा टक्का जास्त व्याजासाठी तुम्ही हीच बँक का निवडलीत. पंचाहत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ ठेवींच्या पावत्यांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक पावतीच्या मागे त्यांनी पेन्सिलीने व्याजदर आणि मुदत संपण्याची तारीख नीट लिहून ठेवलेली होती. मी आयुष्याची बरीच वर्षे एका बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे त्या संध्याकाळी मला राहवले नाही. दोष कोणाचा हा प्रश्न विचारायलाच हवा होता, पण ज्याच्या सहीने काहीही थांबले नसते अशा माणसाला तो विचारला जात होता.

दोष ठरवायचा तर आधी बँक कशी चालते ते थोडे समजून घ्यावे लागते. आपण बँकेत ठेव ठेवतो म्हणजे खरे तर बँकेला कर्ज देतो. आपली ठेव बँकेच्या ताळेबंदात देणे म्हणून लिहिली जाते, आणि बँकेने पुढे लोकांना दिलेले कर्ज तिची मालमत्ता म्हणून दाखवले जाते. सोपेपणासाठी असे समजू, की एका बँकेकडे 100 रुपये आहेत. त्यांपैकी 9 रुपये भागधारकांचे भांडवल आहे आणि 91 रुपये ठेवीदारांचे आहेत. या शंभरातले 70 रुपये बँकेने कर्जाऊ दिले आणि उरलेले 30 सरकारी रोखे व रोख रक्कम यांत ठेवले. कर्ज बुडाले की पहिला फटका भागधारकांच्या 9 रुपयांना बसतो. म्हणजे सत्तरांपैकी नऊच रुपये बुडाले, आठ कर्जदारांमधला जेमतेम एक गेला, तरी भांडवल संपते आणि त्यापुढचा बुडणारा प्रत्येक रुपया ठेवीदाराचा असतो. त्यातच ठेवीदार आपले पैसे केव्हाही मागू शकतो, कर्जदार मात्र ते पाच, दहा, पंधरा वर्षांत फेडणार असतो. त्यामुळे सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर अगदी निरोगी बँकही सगळ्यांचे पैसे त्या दिवशी देऊ शकत नाही.

याच कारणाने कर्ज थकल्याचे लवकर कबूल करावे, असा नियम आहे. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक काळ थकले की ते खाते अनुत्पादक, म्हणजेच एनपीए, ठरते. त्यावरचे न मिळालेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही आणि संभाव्य बुडितासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. नियम साधा आहे, आणि म्हणूनच लबाडी या नियमाच्या अलीकडे होते. खाते नव्वद दिवसांच्या पुढे जाऊच दिले जात नाही.

माझ्या टेबलावरून गेलेली एक फाईल सांगतो. एका व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे मालाच्या तारणावर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे उचलण्याचे कर्जखाते, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थकलेले होते. 29 मार्चला त्यात एक मोठी रक्कम जमा झाली आणि खाते नियमित झाले. मार्च एंडिंगच्या धावपळीत अशा वेळी सगळ्यांनाच हायसे वाटते, मलाही वाटले. नंतर मी जमेची चिठ्ठी काढून पाहिली, तर ते पैसे त्याच्या मेहुण्याच्या नावाने त्याच आठवड्यात मंजूर झालेल्या मुदत कर्जातून आले होते, आणि पहिल्या कर्जाला जे गोदाम तारण होते तेच या कर्जालाही तारण दाखवले होते. मग स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे गोदामातल्या मालाची व्यापाऱ्याने दिलेली यादी, हातात घेऊन मी ते गोदाम पाहायला गेलो. पुढच्या दोन रांगांमध्ये भरलेली पोती होती आणि त्यांच्यामागे छतापर्यंत रिकामी खोकी रचून ठेवलेली होती. मी टिपणी लिहिली, शाखाधिकाऱ्यांनी तिच्यावर सही करून ती वर पाठवली आणि ते प्रकरण तिथेच थांबले. त्यांनी सही केली नसती, तर तेच कर्ज दर मार्चमध्ये नव्या नावाने वाढत राहिले असते. जुने थकलेले कर्ज नव्या कर्जाने फेडल्याचे दाखवून हिरवेगार ठेवण्याच्या या प्रकाराला कर्ज विभागात एव्हरग्रीनिंग म्हणतात.

संकट घडते ते अशा एखाद्या मार्चमध्ये, बंद खोलीत, एका फाईलवर. ते बाहेर येते पाच-सात वर्षांनी, शाखेच्या शटरवर नोटीस लागते तेव्हा. या दोन तारखांमध्ये इतके अंतर असते, की लोकांचा राग दुसऱ्या तारखेला जो समोर दिसेल त्याच्यावर निघतो. कधी तो काउंटरवरच्या कारकुनावर निघतो, कधी निर्बंध घालणाऱ्या रिझर्व्ह बँकेवर, तर कधी आमच्या खजिनदारांसारख्या माणसावर. पहिल्या तारखेला खोलीत कोण होते हे विचारायला तोवर कोणाला त्राण उरलेले नसते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेचे उदाहरण आपल्या भागात अनेकांनी अंगावर झेलले आहे. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा पीएमसीच्या खातेदाराला सहा महिन्यांसाठी मिळून फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. तीन दिवसांनी ती 10,000 झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जून 2020 मध्ये 1 लाखावर गेली. बँकेकडे 11,600 कोटी रुपयांच्या आसपास ठेवी होत्या. त्यात निवृत्तांची पुंजी होती, छोट्या दुकानदारांची चालू खाती होती आणि आमच्यासारख्या कित्येक सोसायट्यांचे निधीही होते.

मग जे बाहेर आले ते असे. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे 6,500 कोटी रुपये, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जाच्या जवळजवळ 73 टक्के, अडकले असल्याचे बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला कळवले. त्या वेळच्या नियमानुसार नागरी सहकारी बँकेला एका कर्जदाराला आपल्या भांडवली निधीच्या 15 टक्क्यांपर्यंत आणि एका समूहाला 40 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होते. इथे तर एका समूहाचे कर्ज बँकेच्या भांडवलाच्या कितीतरी पट होते. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार या समूहाची 44 खाती लपवण्यासाठी 21,049 बनावट कर्जखाती दाखवण्यात आली. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीही नव्हती, तपासणीसाठी दिल्या जाणाऱ्या यादीत ती फक्त भरलेली होती. या सगळ्यानंतरही मार्च 2019 च्या ताळेबंदात बँकेचे एकूण एनपीए चार टक्क्यांच्या आत दिसत होते. ठेवीदाराने वार्षिक अहवाल अगदी भिंग लावून वाचला असता, तरी त्याला काय दिसले असते?

म्हणून माझ्या मते पहिला आणि सर्वांत मोठा दोष मंजुरीवर सही करणाऱ्यांचा आणि ते कर्ज खोट्या आधारावर मागणाऱ्याचा असतो. यांच्यापैकी कोणालाही अज्ञानाची सबब सांगता येत नाही. मात्र अशा सह्या वर्षानुवर्षे का खपतात, याचे एक कारण सहकारी बँकेच्या रचनेतच आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. सहकारी बँकेकडून कर्ज घ्यायचे तर सर्वसाधारण नियमानुसार कर्जदाराला बँकेचे भाग घ्यावे लागतात, तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जाच्या पाच टक्के. भाग घेतला की तो सभासद होतो, सभासदाला मत असते आणि त्या मतांवर संचालक मंडळ निवडून येते. ठेव ठेवण्यासाठी मात्र सभासद व्हावे लागत नाही, त्यामुळे लाखो रुपये ठेवणाऱ्या माणसाला बँकेच्या निवडणुकीत बहुधा मतच नसते. ज्यांचे पैसे धोक्यात आहेत ते मतदार यादीबाहेर राहतात, आणि ज्यांना कर्ज हवे आहे ते ज्यांनी कर्ज द्यायचे त्यांना निवडून देतात. सगळ्या सहकारी बँका यामुळे बिघडत नाहीत. आपल्या राज्यात शंभर वर्षे उत्तम चाललेल्या सहकारी बँका आहेत, आणि गिरणी कामगारापासून भाजीवाल्यापर्यंत ज्यांना मोठ्या बँकांनी दारात उभे केले नाही त्यांना या बँकांनीच पत दिली. पण जिथे संचालक मंडळ घसरते, तिथे त्याला आतून आवरणारा कोणी उरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आतून आवरणारा नसेल तर बाहेरच्याने आवरायला हवे. लेखापरीक्षक आणि नियामक यांची नेमणूक त्यासाठीच असते, आणि यांचा दोष मी दुसऱ्या क्रमांकावर धरतो. लेखापरीक्षक प्रत्येक खाते तपासत नाही, नमुन्याने तपासतो, हे मान्य केले पाहिजे. पण एकाच समूहाकडे तीन चतुर्थांश कर्ज असेल, तर ते नमुन्यातून निसटण्याएवढे लहान राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या बाबतीत प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. 1 मार्च 1966 पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, तरी त्यांची नोंदणी, निवडणुका आणि कारभार सहकार खात्याच्या निबंधकांकडेच राहिला. एका बँकेला दोन धनी झाले. राज्यात नोंदलेल्या सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त करायचे तर रिझर्व्ह बँकेला निबंधकांकडे मागणी करावी लागत असे. 2020 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन रिझर्व्ह बँकेचे हे अधिकार वाढले. पीएमसी मात्र बहुराज्य सहकारी बँक होती. तिचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने निर्बंधांच्या दिवशीच आपल्या अधिकारात दूर केले, त्यामुळे तिच्या बाबतीत दुहेरी नियंत्रणाकडे बोट दाखवून नियामकाची सुटका होत नाही. रिझर्व्ह बँक वर्षांमागून वर्षे त्या बँकेची तपासणी करत होती. निर्बंध घातले म्हणून तिला दोष देणे मला पटत नाही, कारण गळती आणखी वाढू नये म्हणून नळ बंद करावाच लागतो. तिचा दोष आहे तो इतकी वर्षे दिलेल्या यादीवर विश्वास ठेवल्याचा.

हाच प्रश्न जगाने 2008 नंतर विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेचीही तारांबळ उडाली. तिथे 2003-04 मध्ये मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 1 टक्क्यावर होता, पैसा स्वस्त होता आणि घरांच्या किमती कायम वाढतच राहतील असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ज्यांचे उत्पन्न हप्ता फेडण्याजोगे नव्हते अशांनाही घरकर्जे दिली गेली. कर्ज देणारा ते आपल्याकडे ठेवतच नव्हता, इतर हजारो कर्जांबरोबर एकत्र बांधून त्यांचे रोखे करून तो विकत होता. यातली मेख अशी, की कर्जदार पुढे हप्ता भरेल की नाही याची चिंता मंजुरी देणाऱ्याला राहिली नाही, कारण तोवर कर्ज दुसऱ्याच्या माथी गेलेले असे. त्या रोख्यांना पतमानांकन संस्थांनी, म्हणजे कर्ज फेडले जाण्याची खात्री किती हे ठरवणाऱ्या संस्थांनी, सर्वोच्च श्रेणी दिली, आणि त्या संस्थांना शुल्क देत होते ते रोखे बनवून विकणारेच. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जून 2006 पर्यंत सव्वापाच टक्क्यांवर गेला, घरांच्या किमती उतरल्या, हप्ते थकले, आणि 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अमेरिकी सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी 2011 मध्ये आला. हे संकट टाळता आले असते, असा निष्कर्ष दहापैकी सहा सदस्यांनी काढला आणि नियामकांच्या अपयशापासून वित्तसंस्थांच्या बेदरकारपणापर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. तिघांनी वेगळे मत नोंदवून जागतिक कारणांवर भर दिला, आणि उरलेल्या एकाने सरकारच्या गृहधोरणालाच मुख्य दोषी ठरवले. सगळी कागदपत्रे समोर असलेल्या दहा जाणकारांचेही एकमत झाले नाही. तरी यातून कोणी ‘सगळेच दोषी’ असा अर्थ काढला, तर मला तो मान्य नाही. सगळेच दोषी असे म्हटले की शिक्षा कोणालाच होत नाही, आणि अमेरिकेत जवळजवळ तसेच झाले. बड्या वित्तसंस्थांच्या प्रमुखांपैकी कोणीही त्या संकटासाठी तुरुंगात गेला नाही. चिमुकल्या आइसलंडने मात्र आपल्या बुडालेल्या बँकांच्या मुख्याधिकाऱ्यांवर खटले चालवले आणि त्यांना तुरुंगात पाठवले.

मानांकनाचा तोच धडा आपण 2018 मध्ये पुन्हा शिकलो. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या समूहावर 90,000 कोटी रुपयांहून अधिक कर्ज होते, आणि त्याने हप्ते चुकवायला सुरुवात करण्याच्या जरासे आधीपर्यंत त्याच्या कर्जरोख्यांना सर्वोच्च श्रेणीचे मानांकन होते.

मात्र बुडालेले प्रत्येक कर्ज म्हणजे लबाडी, असे समजणेही अन्यायाचे होईल. आपल्या सरकारी बँकांची मोठी थकबाकी याचे उदाहरण आहे. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी 2018 मध्ये संसदेच्या समितीला लिहून दिले, की बुडीत कर्जांचा मोठा हिस्सा 2006 ते 2008 या काळात दिला गेला होता. त्या काळात अर्थव्यवस्था जोरात होती आणि आधीचे वीज व पायाभूत प्रकल्प वेळेत पूर्ण झाले होते. पुढे मंदी आली, परवानग्या रखडल्या, कोळसा मिळेना, आणि कागदावर चांगला दिसणारा प्रकल्प अर्धवट उभा राहिला. मंजुरीच्या दिवशी सही करणाऱ्याला हे सगळे दिसत नव्हते. दोष जडला तो नंतरच्या टप्प्यात, जेव्हा कर्ज बुडाल्याचे मान्य न करता पुनर्रचनेच्या नावाखाली ते वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्तेची कसून तपासणी लावली, तेव्हा झाकलेले आकडे उघडे पडले आणि मार्च 2018 पर्यंत सर्व बँकांचे एकूण एनपीए 11 टक्क्यांच्या पुढे गेले. हे भगदाड बुजवण्यासाठी 2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत सरकारने सरकारी बँकांमध्ये सुमारे 3.11 लाख कोटी रुपये ओतले, म्हणजे ज्याचे त्या बँकेत खातेसुद्धा नव्हते त्यानेही करातून आपला वाटा उचलला.

या काळातली एक गोष्ट मी सहकाऱ्यांमध्ये जवळून पाहिली आहे. प्रामाणिक चूक आणि संगनमत यांत फरक न करता चौकशा सुरू झाल्या, तेव्हा चांगले अधिकारी सही करायलाच घाबरू लागले. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहायची. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला किंवा तुर्भ्याच्या छोट्या कारखानदाराला रास्त कर्जही वेळेवर मिळेनासे होते ते असेच. पतसंकट म्हणतात ते हेच. बँकेत पैसे असतात, पण ते द्यायला कोणी धजावत नाही. दोष कोणाचा हे चुकीच्या पद्धतीने ठरवल्याची किंमत ज्याने काहीच केले नाही त्याला अशी मोजावी लागते.

राहता राहिला ठेवीदार. जास्त व्याजाच्या मोहाने तो गेला, असे म्हणणे सोपे आहे. त्याचा काहीच वाटा नाही, असे मी म्हणणार नाही. आजूबाजूच्या बँकांपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त व्याज कोणी देऊ करत असेल, तर ते कोठून देणार हे विचारायलाच हवे. आमच्या बाबतीत फरक अर्ध्या टक्क्याचा होता, आणि नागरी सहकारी बँका एवढा फरक नेहमीच देतात. शिवाय गृहनिर्माण संस्थेने आपला निधी कोठे गुंतवावा हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 70 ने आखून दिले आहे, आणि वहिवाटीने तो सहकारी बँकांकडेच जातो. ठेव विम्याचे संरक्षण 1993 पासून 1 लाख रुपयांवर अडकून पडले होते, ते पीएमसीच्या प्रकरणानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख झाले. 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद झाली. ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मिळून असते, आणि संस्था कितीही सदनिकांची असली तरी ती एकच ठेवीदार धरली जाते. चाळीस कुटुंबांनी दहा वर्षे महिन्याला जमवलेल्या निधीला 5 लाखांचेच कवच असते, हे त्या सभेपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. पीएमसी जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हाही 5 लाखांवरची रक्कम टप्प्याटप्प्याने आणि मोठ्या ठेवींच्या बाबतीत 10 वर्षांपर्यंत थांबून मिळेल, असेच ठरले.

आमच्या संस्थेला विम्याचे 5 लाख मिळाले. उरलेल्या रकमेसाठी दर सदनिकेमागे वेगळी वर्गणी काढून गच्चीचे काम त्या वर्षी कसेबसे उरकले, बाहेरचा गिलावा मागे पडला. खजिनदारांनी मात्र त्या पहिल्या सभेतच राजीनामा दिला होता आणि कोणीही त्यांना थांबवले नाही. इतिवृत्त लिहिताना सचिवांनी ‘ठेवीबाबत निष्काळजीपणा झाला’ असे वाक्य घातले होते. मी त्याला हरकत घेतली आणि त्याच्या जागी दुसरी नोंद करण्याची विनंती केली. खजिनदारांनी पिशवीतून बँकेच्या अहवालाची घडी घातलेली झेरॉक्स काढून दिली, तिच्यावर पाहून सचिवांनी लिहिले, की ठेव ठेवली त्या वर्षी सदर बँकेचा लेखापरीक्षण वर्ग ‘अ’ होता.